कराडच्या स्टँडमागचे फॉर्मवाले काका: दुकान अरुंद, भिंत कामाची

कराडच्या एसटी स्टँडमागं झेरॉक्सच्या दुकानांची एक ओळ आहे. त्यातलं सगळ्यात अरुंद दुकान फॉर्मवाल्या काकांचं. नावाची पाटी नाही. पत्र्यावर ‘सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील’ एवढंच रंगवलंय. आत एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, गिऱ्हाइकाला बसायला एक प्लास्टिकची खुर्ची आणि तिच्यावर बहुतेक वेळा कागदांचा गठ्ठा. काका एका शाळेत लिपिक होते, निवृत्तीनंतर त्यांनी हे दुकान टाकलं. आठवी ते बारावीच्या पोरांच्या शिष्यवृत्त्या, परीक्षा, शिबिरं असल्या कामांसाठी मी गेली काही वर्षं त्यांच्याकडं जातेय. डेपोतल्या बायका सारख्या विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी माझं घरचं सांगते, म्हणजे माझं मत कुठून येतंय ते कळेल. मी एसटीत वाहक आहे. मिस्टर खासगी कारखान्यात. दोघांचं मिळून वर्षाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या वर जातं. थोडंसंच, पण जातं. त्यामुळं उत्पन्नाची अट असलेल्या बहुतेक शिष्यवृत्त्या माझ्या मुलीला नाहीत. ती आता दहावीत आहे. माझ्या दादाची परिस्थिती वेगळी. दीड एकर, दोन म्हशी आणि वहिनीचं शिवणकाम. त्याचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, यंदा अकरावीला गेला. दोन पोरांसाठी मला दोन वेगळ्या गोष्टी शोधायच्या होत्या. भाच्यासाठी पैसे, आणि मुलीसाठी शाळेबाहेरचं काहीतरी, जिथं तिला तिच्यासारखीच प्रश्न विचारणारी पोरं भेटतील. पहिल्या कामात काका पक्के आहेत. दुसऱ्यात कच्चे, आणि ते स्वतःही मान्य करतात.

दर असे. शिष्यवृत्तीचा नवीन फॉर्म ५० रुपये, नूतनीकरण ३०, फोटो आणि सही हव्या त्या केबीत बसवून देणं १०, प्रिंट पानाला ५. उत्पन्नाच्या दाखल्याचं काम घेत नाहीत, त्यासाठी सेतूत पाठवतात. बोलणं तुटक. ‘बसा’ म्हणत नाहीत (खुर्चीवर गठ्ठाच असतो). पण एक गोष्ट मी दुसऱ्या कुठल्या दुकानात पाहिली नाही. जे काम त्यांचं नाही, त्याचे पैसे ते घेत नाहीत. एनएमएमएस या केंद्राच्या शिष्यवृत्ती परीक्षेसाठी मी भाच्याला घेऊन पहिल्यांदा गेले तेव्हा म्हणाले, “ताई, एनएमएमएसचा फॉर्म शाळेच्या लॉगिनमधून जातो. माझ्याकडं काही नाही. मुख्याध्यापकांना विचारा, पोराचं नाव भरलंय का. आणि भरलंय म्हणाले तर प्रिंट दाखवा म्हणा.” एवढं सांगून पुढच्या माणसाकडं वळले. शेजारच्या गल्लीत याच सल्ल्याला शंभर रुपये घेणारे आहेत.

आता भिंत. काकांच्या पाठीमागं पिवळा पडलेला मोठा चार्ट पेपर आहे. त्यावर स्केच पेननं इयत्ता लिहिल्यात, पाचवी ते बारावी, आणि प्रत्येक इयत्तेखाली त्या वर्षी काय काय असतं आणि साधारण कोणत्या महिन्यात ते. मी या दुकानाला जे काही तारे देणार आहे, ते या कागदाला. कारण या सगळ्या प्रकारात मार्कांपेक्षा आणि उत्पन्नापेक्षाही आधी इयत्ता नडते. आठवीची गाडी नववीत पकडता येत नाही. एनएमएमएस फक्त आठवीत. इस्रोचं युविका शिबिर फक्त नववीत. होमी भाभा विज्ञान स्पर्धा सहावीत आणि नववीत, मधे नाही. आणि आपल्याकडं पालक जागे कधी होतात? दहावीचा निकाल लागला की. पेढे वाटताना कुणीतरी म्हणतं, ‘एवढे मार्क आहेत, स्कॉलरशिप मिळेल की.’ तोवर यातले निम्मे दरवाजे बंद झालेले असतात. काकांची भिंत सातवीतल्या पोराच्या आईला सांगते की पुढच्या वर्षी काय आहे. हे शाळेत कुणी सांगत नाही असं मी म्हणणार नाही, चांगले गुरुजी सांगतात. पण ज्याच्या शाळेत तसे गुरुजी नाहीत त्यानं कुठं जायचं?

भिंतीवर खाडाखोड पुष्कळ आहे आणि ती मला आवडते. आपण जिला नुसतं ‘स्कॉलरशिप’ म्हणतो, ती आमच्या वेळी चौथी-सातवीला होती, मग पाचवी-आठवीला गेली, आता परत चौथी-सातवीला आणायचं ठरलंय. काकांनी बाण काढून काढून तिथं चक्रव्यूह केलाय. तिची रक्कम वर्षानुवर्षं इतकी किरकोळ होती की सांगायला लाज वाटावी. २०२३ साली ती वाढवून पाचवीला वर्षाला ५,००० आणि आठवीला ७,५०० केली, तो आकडा लाल पेननं लिहिलाय. दहावीखाली ‘एनटीएस’ लिहून त्यावर आडवी रेघ मारलीय. ही राष्ट्रीय प्रज्ञा शोध परीक्षा २०२१ नंतर थांबली, तरी क्लासवाले अजून तिच्या नावानं आठवी-नववीच्या पोरांची फी गोळा करतात. ती आडवी रेघ पाहूनच आमच्या डेपोतल्या एका मेकॅनिकनं पोराचा क्लास बंद केला.

भाच्याच्या एनएमएमएसबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण याच कामात काकांची खरी किंमत कळली. ही केंद्र सरकारची आर्थिक दुर्बल घटकांसाठीची शिष्यवृत्ती. परीक्षा आपल्याकडं पुण्याची राज्य परीक्षा परिषद घेते, बहुतेक वेळा डिसेंबरात. पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं, सातवीत ५५ टक्के हवेत, आणि शाळा सरकारी, जिल्हा परिषद-नगरपालिकेची किंवा अनुदानित हवी. विनाअनुदानित इंग्रजी शाळेत घातलेल्या पोराला ही परीक्षा देता येत नाही, घरात कितीही ओढाताण असली तरी. नवोदय आणि केंद्रीय विद्यालयालाही नाही. दोन पेपर, प्रत्येकी ९० प्रश्न, ९० मिनिटं. एक बौद्धिक क्षमतेचा, दुसरा शालेय. त्यात विज्ञान ३५, समाजशास्त्र ३५ आणि गणित २०. पेपर मराठीत मिळतो. चुकलेल्या उत्तराचे गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडायचा नाही, हे काका प्रत्येक पोराला सांगतात. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,०००. चार वर्षांचे ४८,०००. दादाच्या घरात म्हैस विकायची की नाही, हे या रकमेवर ठरतं.

महाराष्ट्राचा कोटा ११,६८२ जागांचा आहे. परीक्षा पास होणारी पोरं त्याहून पुष्कळ जास्त असतात, म्हणजे ‘पास झाला पण निवड नाही’ असं बऱ्याच घरी होतं. दादाच्या शेजारच्या पोराचं तसंच झालं. घरच्यांनी निकालाचा कागद घडी घालून ठेवून दिला होता. काकांनी त्यांना विचारलं, जात कोणती? मराठा, असं म्हटल्यावर सारथीचं सांगितलं. मराठा-कुणबी समाजातली जी मुलं एनएमएमएस पास होतात पण कोट्यात बसत नाहीत, त्यांच्यासाठी सारथी संस्थेची छत्रपती राजाराम महाराज शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ९,६००, बारावीपर्यंत. तीही शाळेमार्फतच जाते. त्या पोराच्या आईला हे माहीत नव्हतं, आणि मलाही नव्हतं. हा प्रश्न एखाद्या ॲपनं विचारला नसता.

पैसे मंजूर होणं वेगळं आणि खात्यात येणं वेगळं. निवड झाल्यावर राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर, म्हणजे एनएसपीवर, स्वतःचा अर्ज भरावा लागतो. आणि तो एकदा भरून भागत नाही, दर वर्षी नूतनीकरण. आता त्यात ओटीआर आलंय: एकदाच करायची नोंदणी, मोबाइलवर चेहरा दाखवून आधार पडताळायचा आणि १४ आकडी नंबर मिळवायचा. मग शाळेचा नोडल अधिकारी, म्हणजे शिष्यवृत्तीचे अर्ज तपासणारा माणूस, अर्ज पुढं पाठवणार, मग जिल्ह्याचा. या साखळीत कुठं अडलंय ते काका पोर्टलवर बघून नेमकं सांगतात. “शाळेतच पडलाय, जिल्ह्याला गेलाच नाही. उद्या अकराला जा, क्लार्क तेव्हा असतो.” माणूस शाळेत नोकरी करून आलाय, त्याला क्लार्क कधी असतो ते ठाऊक आहे.

भाच्याचे पहिल्या वर्षी पैसेच दिसेनात. बँकेत विचारलं की म्हणायचे, खातं आधारला लिंक आहे, आमची काही अडचण नाही. काकांनी आधारच्या साइटवर ‘बँक सीडिंग स्टेटस’, म्हणजे पैसे यायला आधारला कोणतं खातं जोडलंय ते, उघडलं. पोराच्या नावावर दुसरंच खातं निघालं. गावात कुणीतरी कधीतरी घरोघरी फिरून खाती उघडून गेलं होतं, अंगठा घेतला होता, त्यातलं. सरकारी अनुदान आधारला शेवटी जे खातं जोडलं गेलं त्यातच जातं. बाकी दहा खात्यांना आधार ‘लिंक’ असला तरी उपयोग नाही. पैसे तिथं गुपचूप येऊन पडले होते. वहिनी दुकानातच रडायला लागल्या आणि काका म्हणाले, “इथं नको, मागं लाइन आहे.” त्यांचा स्वभाव असा आहे. पण या कामाचे त्यांनी फक्त प्रिंटचे पाच रुपये घेतले.

यंदा अकरावीची भानगड झाली. दहावीला ६० टक्के असले तर शिष्यवृत्ती पुढं चालू राहते (अनुसूचित जाती-जमातीला ५५), ते भाच्याला होते. पण शाळा बदलून कनिष्ठ महाविद्यालय झालं, की नूतनीकरणाचा अर्ज नव्या ठिकाणाहून पडताळून जावा लागतो. तिथं शेकड्यानं प्रवेश चाललेले, खिडकीवरच्या माणसाला एनएमएमएस म्हणजे काय तेच माहीत नाही. ‘ते शाळेचं असतं’ म्हणून परत पाठवतात. चार वर्षांतली शेवटची दोन, म्हणजे २४,००० रुपये, अशी वाऱ्यावर जातात. काकांनी दहावीचा निकाल लागण्याआधीच दादाला सांगून ठेवलं होतं की प्रवेश घेताना कॉलेजच्या नोडल अधिकाऱ्याचं नाव विचारून घे. भिंतीवर अकरावीच्या खाली सगळ्यात वर हेच लिहिलंय, चौकटीत. त्याखाली महाडीबीटी पोर्टल, कारण दहावीनंतरच्या राज्याच्या शिष्यवृत्त्या तिथून मिळतात. आणि राजर्षी शाहू महाराज गुणवत्ता शिष्यवृत्ती, अनुसूचित जातीच्या मुलांना दहावीला ७५ टक्क्यांच्या वर असतील तर दरमहा ३०० रुपये. रक्कम लहान आहे हे काकाही म्हणतात. “पण बसचा पास निघतो ना?”

पैशांचं इथं संपलं. आता माझ्या पोरीचं.

तिच्या बाबतीत काका मला फार पुढं नेऊ शकले नाहीत. भिंतीवर इन्स्पायर मानक आहे. त्यात शाळा मुलांच्या पाच कल्पना केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाकडं पाठवू शकते, आणि निवड झाली तर मॉडेल करायला पोराच्या खात्यात १०,००० रुपये येतात. उत्पन्नाची अट नाही. हे पण शाळेनंच भरायचं. मुलगी आठवीत असताना मी वर्गशिक्षिकांना जाऊन सांगितलं, त्यांनी मनावर घेतलं, पाचही कल्पना गेल्या. माझ्या पोरीची होती एसटीच्या पायरीची: म्हाताऱ्या माणसाला पहिली पायरी उंच पडते, ती आपोआप खाली यावी. निवड झाली नाही. पण त्यासाठी ती माझ्याबरोबर डेपोत येऊन टेप घेऊन पायऱ्या मोजत बसली, आणि तेव्हापासून मेकॅनिक लोक तिला इंजिनिअर म्हणतात.

होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेचं नाव भिंतीवर आहे, पण फक्त नाव. पुढचं आम्हाला स्वतः शोधावं लागलं. मुंबईचं विज्ञान अध्यापक मंडळ ही स्पर्धा १९८१ पासून चालवतं. नववीला लेखी परीक्षा, त्यातून पुढं गेलं की प्रात्यक्षिक, मग स्वतः केलेला कृतिसंशोधन प्रकल्प आणि मुलाखत. मराठी माध्यमाची मुलं मराठीत देऊ शकतात, हे महत्त्वाचं. पुस्तकं वाचून लेखी निघते, पण प्रात्यक्षिकाला हातात काचेची नळी धरावी लागते आणि आपल्याकडच्या बऱ्याच शाळांत प्रयोगशाळेचं कुलूप फक्त तपासणीला निघतं. माझी मुलगी लेखीच्या पुढं गेली नाही. तरी त्या एका पावसाळ्यात तिनं जेवढं विज्ञान वाचलं तेवढं त्याआधी कधी वाचलं नव्हतं. हे फीच्या मानानं स्वस्त पडलं असं माझं मत आहे.

युविकाची मात्र दाद द्यायला हवी, काकांनाही आणि इस्रोलाही. इस्रोनं २०१९ पासून नववीतल्या मुलांसाठी उन्हाळ्यात दोन आठवड्यांचं निवासी शिबिर सुरू केलं. प्रवास, राहणं, जेवण सगळं त्यांचं. निवडीत निम्मं वजन आठवीच्या मार्कांना, दहा टक्के ऑनलाइन प्रश्नमंजूषेला, बाकी विज्ञान प्रदर्शन, ऑलिम्पियाड, खेळ, स्काउट असल्या गोष्टींना. आणि पंधरा टक्के पोरगं ग्रामपंचायत हद्दीतल्या शाळेत शिकतं याला! शहरातल्या पोरांना जे कितीही पैसे मोजून मिळणार नाही ते मसूर-उंब्रजच्या पोराला फुकट आहे. काकांनी हे वाक्य हिरव्या शाईनं लिहून खाली दोन रेघा मारल्यात. अर्ज फेब्रुवारी-मार्चात निघतात, नेमके वार्षिक परीक्षेच्या धामधुमीत, म्हणून गावात पत्ता लागत नाही. आमची शाळा शहरात, पंधरा टक्के गेले, मुलीचं नाव यादीत आलं नाही. दादाची वाडी ग्रामपंचायतीत, पण भाचा नववीत असताना त्याला दोन आठवडे घर सोडून जायचं नव्हतं. बारा गावची पोरं असतात, असं सांगून पाहिलं. नाही म्हणजे नाही.

ऑलिम्पियाडबद्दल काकांना काही म्हणजे काही माहीत नाही. उलट त्यांनी मला शाळेतून आलेली एक पावती दाखवून विचारलं, “हे खरं असतं का हो ताई?” शाळांमधून दर वर्षी कुठल्या ना कुठल्या खासगी कंपनीची ‘ऑलिम्पियाड’ येते. फी भरा, पुस्तक घ्या, आणि महिन्याभरात वर्गातल्या अर्ध्या पोरांच्या गळ्यात मेडल. त्या मेडलचं काय करायचं ते मेडल देणाऱ्यालाही ठाऊक नसतं. ज्यातून देशाचा संघ निवडतात त्या ऑलिम्पियाड वेगळ्या. गणिताची सुरुवात सप्टेंबरच्या आयओक्यूएमनं होते, तीन तास, तीस प्रश्न, आणि उत्तर म्हणून पर्याय नसतात, दोन आकडी संख्या काढून लिहायची. दहावीपर्यंतच्या मुलांसाठी विज्ञानाची एनएसईजेएस नोव्हेंबरात. ती भौतिकशास्त्राच्या शिक्षकांची संघटना घेते आणि पुढचे टप्पे मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र. तिथं जुने पेपर फुकट मिळतात. मुलीनं एक पेपर उतरवून घेतला आणि संध्याकाळभर एकाच प्रश्नावर बसली. जेवायला हाक मारली तर ओरडली. मला बरं वाटलं.

तुलना करायची म्हणून सांगते. मधे शहरातून आलेल्या एका संस्थेनं इथल्या एका हॉलमध्ये पालकांसाठी कार्यक्रम ठेवला होता. एसी, बिस्लरीची बाटली, पडद्यावर परदेशी विद्यापीठांची हिरवळ. ‘प्रोफाइल’ तयार करून देण्याचे वर्षाला १८,००० रुपये. मी फीचा कागद पूर्ण वाचला, तिकिटामागच्या अटी वाचायची सवय आहे मला. त्यात दिलेल्या ‘संधीं’मध्ये युविका होतं, इन्स्पायर होतं, आयओक्यूएम होतं. जे सरकार फुकट देतं त्याची यादी अठरा हजारांना. आणि त्यातलंही इन्स्पायर शाळेशिवाय भरताच येत नाही, हे विचारल्यावर व्यासपीठावरच्या बाईंनी पुढचा प्रश्न घेतला. काकांच्या भिंतीवर यातलं बहुतेक सगळं होतं.

शिष्यवृत्त्यांची यादी देणारी ॲप्स मुलीनं फोनवर घेऊन पाहिली. शेकड्यानं योजना दिसतात. नववी-दहावी, महाराष्ट्र, असं निवडलं की हातावर मोजण्याइतक्या उरतात. पण त्यांचा एक उपयोग झाला: खासगी ट्रस्टच्या शिष्यवृत्त्या तिथं कळतात, आणि काकांची भिंत तिथं कोरी आहे. दहावीनंतर अकरावी-बारावीसाठी सरोजिनी दामोदरन फाउंडेशनची विद्याधन आहे. घरचं उत्पन्न दोन लाखांच्या आत, अर्ज ऑनलाइन आणि फुकट, मग परीक्षा आणि मुलाखत. भाच्यासाठी हे आम्ही काकांना सांगितलं, त्यांनी आम्हाला नाही. त्यांनी लगेच चार्टवर लिहून घेतलं.

भिंतीवर नसलेलं आणखी. मुलींचा एसटी पास! गावातून शाळेत येणाऱ्या मुलींना अहिल्यादेवी होळकर योजनेत पास मोफत आहे, आणि मुलांनाही पासात मोठी सवलत. रोज माझ्या गाडीत अशा पोरी चढतात की ज्यांच्या बापानं हे माहीत नाही म्हणून नववीत पोरीचं नाव काढायचा विचार केलेला असतो. वर्षाचा हिशेब केला तर कित्येक शिष्यवृत्त्यांपेक्षा ही रक्कम जास्त भरते. मी सांगितल्यावर काका म्हणाले, परिपत्रक आणा. आणून दिलं. चिकटवलंय, पण कपाटाच्या दाराआड. तसंच चित्रकलेचं. इंटरमिजिएट ग्रेड परीक्षा पास झाली की दहावीत वाढीव गुण मिळतात, अ श्रेणीला ७, ब ला ५, क ला ३. काकांच्या मते चित्रं काढणं म्हणजे वेळ घालवणं, त्यामुळं ते लिहीतच नाहीत.

काकांच्या ज्ञानाबाहेरचं एक ठिकाण सांगते. २८ फेब्रुवारी, राष्ट्रीय विज्ञान दिन. त्या दिवशी पुण्याची आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था सगळ्यांसाठी उघडी असते. मी रजा टाकून मुलीला नेलं. स्वारगेटला उतरून पुढं पीएमटीनं विद्यापीठ. रांगा मोठ्या, उन्हात उभं राहावं लागलं. पण आत एक संशोधक मुलगी, फार तर पंचविशीची, दुर्बिणीचा आरसा का लागतो ते मराठीत समजावत होती, आणि माझी पोरगी तिला प्रश्नावर प्रश्न विचारत सुटली. तिथल्याच मुक्तांगण विज्ञान शोधिकेत काड्या, स्ट्रॉ, रिकाम्या बाटल्या यांची खेळणी करायला शिकवतात. अरविंद गुप्तांनी तिथं बरीच वर्षं काम केलं आणि त्यांच्या साइटवर मराठी पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात. पुलंच्या नावानं सुनीताबाईंनी दिलेल्या देणगीतून ती इमारत उभी राहिली हे तिथं गेल्यावर कळलं. फॉर्म नाही, दाखला नाही, ओटीपी नाही.

आता दुकानाच्या तक्रारी, कारण नुसतं कौतुक करायला मी काही त्यांची नातेवाईक नाही. सगळ्यात मोठी: घाईच्या दिवसांत काका फॉर्ममध्ये ईमेल स्वतःचाच टाकतात, आणि समोरच्यानं आढेवेढे घेतले तर मोबाइल नंबरही. त्यांच्या दृष्टीनं सोय. पण पुढच्या वर्षी पासवर्ड विसरला की तो परत मिळवायला त्यांच्याकडंच यावं लागतं, आणि काका आजारी पडले तर सगळं गाव अडकतं. गेल्या दिवाळीआधी असंच झालं, दुकान बंद आणि नूतनीकरणाची तारीख डोक्यावर. म्हणून आपला नंबर, आपला ईमेल, आणि ओटीपी आपण वाचून दाखवायचा, फोन त्यांच्या हातात द्यायचा नाही. काका कुरकुर करतात. करू द्या. दुसरी: आधारच्या झेरॉक्स त्या खुर्चीवर उघड्या पडलेल्या असतात. मी एकदा माझ्या शेजारणीच्या पोराचं मार्कशीट तिथं पाहिलं. तिसरी: पावती देत नाहीत. आणि मे-जूनात गर्दी इतकी, की एका फॉर्मला अर्धा दिवस जातो. त्या गर्दीत जात-उत्पन्न ओरडून विचारतात, सगळ्यांसमोर. पोरं मान खाली घालतात. हे काकांना सांगून पाहिलं. “मला ऐकू कमी येतं,” म्हणाले. खरंही असेल.

काउंटरवर काचेखाली एक कागद आहे, टाइप केलेला: ‘अब्दुल कलाम-वाजपेयी शिष्यवृत्ती अशी कोणतीही योजना नाही. विचारू नये.’ दर जूनला तो मेसेज फिरतो. दहावीला ७५ टक्के असतील तर दहा हजार, बारावीला ८५ असतील तर पंचवीस हजार, फॉर्म नगरपालिकेत. शिकलेले लोक पुढं पाठवतात. काका सांगतात की निकालाच्या आठवड्यात खऱ्या योजनांपेक्षा याच एका खोट्या योजनेचं लोक जास्त विचारतात. मग त्याच माणसाला ते पकडून ठेवतात. पोरगं कितवीत? धाकटं आहे का? ते कितवीत? आणि धाकट्याचं भिंतीवरचं दाखवतात. माझ्या डोळ्यांदेखत असं होताना पाहिलंय. खोट्या मेसेजपायी आलेला माणूस धाकट्या पोरीचं एनएमएमएस लिहून घेऊन गेला.

कुणी जावं? ज्याचं उत्पन्न अटीत बसतं आणि पोरगं सातवी-आठवीत आहे त्यानं डोळे झाकून जावं. दहावीचा निकाल हातात घेऊन जाणाऱ्यानंही जावं, पण कमी अपेक्षा ठेवून. माझ्यासारखं उत्पन्न असलेल्यांनी एकदा जाऊन भिंतीचा फोटो काढावा (काका नाही म्हणत नाहीत) आणि बाकी शोध घरी करावा. पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा त्या सीडिंगच्या कामासाठी जास्त धरलाय.

वेळ सकाळी दहा ते दोन, मग चार ते आठ. जुलैत, शाळा सुरू होऊन गर्दी ओसरली की गेलात तर ते बोलतात सुद्धा. जाताना पोराला बरोबर न्या, फॉर्मवर सही त्याचीच लागते आणि चेहऱ्याची पडताळणीही त्याचीच. आधार, चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला, मागच्या इयत्तेचं गुणपत्रक, बँकेचं पासबुक आणि आधारला जोडलेला मोबाइल चार्ज करून. नावाचं स्पेलिंग आधारवर आणि शाळेच्या रजिस्टरवर एकच आहे का ते घरूनच बघून निघा. आणि सुट्टे पैसे न्या. पाचशेची नोट काढली की काका माझ्याकडं बघतात, आणि मी कुठल्या तोंडानं काही बोलणार?